तिसऱ्या कॅसेटमधला आवाज

४ मे १९८५, नाकाडोंगरी

पंचफुलाबाईचा आवाज आज तालमीत पुन्हा फाटला — आणि घनश्यामभाऊ खूश! गिटार थांबवून म्हणतो, "हाच! हाच पाहिजे मले! असाच फाडा, बाई." ती खोकत होती. मी पाणी दिलं. घोट गिळताना तिनं डोळे गच्च मिटले. ते मला आवडलं नाही.

पण त्या आवाजावरच तर आमची गाण्याची पार्टी चालते. पहिल्या कॅसेटमध्ये तो स्वच्छ होता. धानाच्या रोवणीची गाणी, मागं गिटार आणि ड्रम. लोक हसले — चिखलातली गाणी विजेवर! गेल्या दिवाळीत दुसरी निघाली, तोवर तिचा घसा घोगरा झाला होता. आणि तीच कॅसेट तुमसरपासून साकोलीपर्यंत प्रत्येक पानठेल्यावर वाजू लागली. घनश्यामभाऊ रेडिओ दुरुस्त करतो. खाणीतल्या एका साहेबानं बदलीच्या वेळी त्याला परदेशी रेकॉर्डी देऊन टाकल्या, तेव्हापासून हे खूळ. ब्लूज-रॉक म्हणतात म्हणे. तिकडंही कापसाच्या वावरात बाया अशाच गायच्या, असं तो सांगतो. खरं-खोटं तोच जाणे.

बाया धानाच्या बांधीत रोवताना करतात तसंच आम्ही करतो. पंचफुलाबाई ओळ टाकते, मी झेलते. सात वर्षं झेलते आहे.

११ मे

नागपूरला नेलं तिला. चिंधूभाऊ — तिचा नवरा — खाणीतल्या पाळीवर होता, आणि दोघांनाही अक्षरओळख नाही. म्हणून मीच गेले. मोठ्या दवाखान्यात घशातला बारीक तुकडा काढून तपासायला ठेवला. निकाल पत्रानं कळवू म्हणाले. पत्ता माझा दिला, मी शिकवते त्या बालवाडीचा.

बसमध्ये ती म्हणाली, "सुपारीनं सोलला असन घसा. तू कायले एवढी घाबरून राहिली?"

१२ मे

तिनं सुपारी सोडली. एक दिवस.

२ जून

घनश्यामभाऊनं नागपूरचा स्टुडिओ ठरवला. २९ जून! आणि यावेळी कॅसेटवर दोन नावं, दोन फोटो. दोन गाण्यांत ओळ मी टाकणार, झेलणार पंचफुलाबाई! तिनंच सुचवलं म्हणे. "पोरीले कधीवरी मांगं ठेवता?" असं म्हणाली.

मला हे हवं होतं. किती हवं होतं ते कोणाला सांगायची लाज वाटते, म्हणून इथं लिहिते. मुलांना 'अ आ' शिकवताना दिवसभर मनात फोटोच होता. पातळ कोणतं नेसू?

९ जून

पत्र आलं.

मी पाकीट फोडलं आणि तेवढ्यात तीच वऱ्हांड्यात आली. शेणाची टोपली खाली ठेवून उकिडवी बसली. "सांग ना वो, काय लिवलं आहे?"

लिहिलं होतं: कॅन्सर. अजून लहान आहे. आठ दिवसांच्या आत दाखल व्हा, विजेचा शेक सुरू करू, आवाज वाचण्याची शक्यता चांगली आहे. उशीर झाल्यास घशातली आवाजाची पेटी काढावी लागेल.

मी वाचलं — "साधी सूज आहे. गोळ्या घ्या. महिन्याभरानं दाखवायला या."

ठरवून नाही केलं. देवाशपथ नाही. तोंडातून निघून गेलं! डोळ्यांपुढं २९ तारीख होती. वाटलं, वीस दिवसांनी काय होतं? रेकॉर्डिंग झालं की दुसऱ्याच दिवशी घेऊन जाऊ.

तिनं कागदाकडं पाहिलं. एवढं मोठं पत्र आणि एवढंच वाचलं, हे तिच्या ध्यानात आलं का? ती हसली. "मी म्हणलं नोहोतं? उगाच घोर लावला जिवाले." टोपली उचलून गेली.

१० जून

पत्र फाडायला घेतलं होतं. फाडलं नाही. ट्रंकेत आहे.

१७ जून

आज आठ दिवस झाले. दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन आले. एकदा ती धानाच्या पऱ्ह्यांच्या वाफ्यावर होती, एकदा घरीच होती. दोन्ही वेळा परत फिरले. मी नीच आहे.

२९ जून, नागपूर

झालं रेकॉर्डिंग.

तिचा आवाज आज इतका फाटला, की काचेपलीकडचा माणूस कानावरचं यंत्र काढून नुसता बघत राहिला. घनश्यामभाऊच्या डोळ्यांत पाणी. मला मात्र त्या आवाजात तो कागद ऐकू येत होता.

मग माझी दोन गाणी. मी ओळ टाकली आणि तिनं अशी झेलली, की माझा आवाज वर राहावा म्हणून स्वतःचा दाबून, अगदी खाली ठेवला. माझ्यासाठी! माइक बंद झाल्यावर पदर तोंडाला लावला. पदराला रक्त होतं. तिनं घडी घालून कमरेला खोचला. मी पाहिलं, हे तिनंही पाहिलं.

३ जुलै

चिंधूभाऊला सांगितलं, दुसरं पत्र आलंय, बोलावलंय. एका खोट्यावर दुसरं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला एकटीला आत घेतलं. "पत्र मिळालं नव्हतं का तुम्हाला?"

"नाही."

हे तिसरं.

म्हणाले, फार पसरलंय, आता शेकाचा उपयोग नाही, पेटी काढावी लागेल. जगेल. बोलता येणार नाही.

बाहेर येऊन मीच तिला सांगितलं. तिनं कमरेचा पदर सोडून पुन्हा घट्ट खोचला. मग म्हणाली, "जिती त राहीन ना? मंग काढू दे."

१८ जुलै

आज सकाळी नेलं तिला आत. गाडीवर निजलेली. माझा हात धरून म्हणाली, "आता ओळ तुले टाकाची आहे. झेलणारी पाहून ठेवजो." नर्सनं गाडी ढकलली.

तिचं शेवटचं बोलणं माझ्याशी झालं. चिंधूभाऊ चहा आणायला गेला होता. त्याच्या वाट्याला तेही नाही आलं.

२ सप्टेंबर

कॅसेट आली. दोन नावं, दोन फोटो. मी हिरव्या पातळात. भंडाऱ्याहून पोरं येऊन घेऊन जातात. घनश्यामभाऊ म्हणतो, असा आवाज पुन्हा होणे नाही. जो तो मला म्हणतो — नशीब काढलं!

मी पूर्ण ऐकू शकले नाही.

९ सप्टेंबर

पंचफुलाबाईकडं गेले होते. गळ्याला भोक, त्यावर फडकं. श्वासाची शिट्टी वाजते. टेपजवळ बसून स्वतःलाच ऐकत होती, बोटानं ताल धरून. माझं गाणं लागलं तेव्हा आवाज वाढवला आणि माझ्याकडं बोट केलं.

मोरीत जाऊन रडले.

२० ऑक्टोबर

तिनं शेजारच्या पोराची पाटी मागून घेतली आणि माझ्यापुढं धरली. खुणेनं — शिकव. हातवारे करून थकली बिचारी. चिंधूभाऊला अर्धं कळत नाही, कधी वैतागून उठून जातो.

नाही कसं म्हणू? तिच्या जवळची शिकवणारी मीच. म्हटलं, उद्यापासून.

घरी येऊन ट्रंकेला कुलूप लावलं.

५ नोव्हेंबर

स्वतःचं नाव लिहिलं. ओठ हलवत एकेक अक्षर जुळवते. माझ्या बालवाडीत एकही पोर असं शिकत नाही.

८ डिसेंबर

तुमसरला नेलं होतं. बसवरच्या पाट्या वाचत होती, मला कोपरानं ढोसून दाखवत होती. किती आनंद! मी हसत होते.

१२ जानेवारी १९८६

जोडाक्षरं मी लांबवते आहे. आज म्हटलं, ती अवघड असतात, पुढच्या महिन्यात घेऊ. तिनं पेन्सिल आपटून दोन तुकडे केले. पाटी पुन्हा पुढं केली.

घेतली जोडाक्षरं.

३० जानेवारी

आता वर्तमानपत्र वाचते. हळू, पण वाचते. माझी गरज संपत आली.

९ फेब्रुवारी

आज मी गेले तेव्हा पाटी आधीच लिहून ठेवलेली होती. स्वतःच्या मनानं लिहिलेलं तिचं पहिलं वाक्य. एकही चूक नाही.

'ते पत्र आण. मी वाचते.'