दाखल्यातलं शेवटचं वाक्य

मास्तर,

माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही. तुम्ही गेलात, गिरगावातली तुमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, ट्राम बंद झाली आणि लोक तिला विसरूनही गेले, पण राग जिथल्या तिथे आहे. आज लिहायला बसलो त्याला कारण माझी नात. ती लॉच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करते आहे, घरभर तिची पुस्तकं पसरलेली आहेत. काल जेवताना तिने विचारलं, "आजोबा, जन्मभर तुम्ही वकिलाकडे कारकुनी केलीत, मग स्वतःच वकील का नाही झालात?" मी नेहमीचं उत्तर दिलं, "एका मास्तरांनी केसाने गळा कापला." यावर लोक चुकचुकतात आणि विषय बदलतात. ही पोरगी म्हणाली, "म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी?" इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी पाणी प्यायलो आणि कढी छान झालीय म्हणालो.

तर नेमकं काय केलंत ते तुम्हालाच सांगतो. इंटर पास झालो तेव्हा लालबागच्या आमच्या अख्ख्या मजल्यावर माझ्याएवढा शिकलेला कोणी नव्हता. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. ते कोणालाही थांबवून सांगायचे, "आमचो झील वकील होतलो." त्या वर्षी लॉ कॉलेजकडे अर्ज फार आले म्हणून त्यांनी लेखी परीक्षा ठेवली: इंग्रजी निबंध आणि उताऱ्याचा संक्षेप. शाळेत तुम्ही मला इंग्रजी शिकवलं होतंत, म्हणून तुमच्याकडे आलो. तुम्ही म्हणालात, "रोज संध्याकाळी ये. पैशाचं नाव काढलंस तर येऊ नकोस." तीन महिने मी ट्रामने गिरगावात येत होतो. तुम्ही एकटे, तुमच्या घरच्या बाई जाऊन वर्ष झालेलं. मी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहायचो आणि तुम्ही स्टोव्हला पंप मारता मारता माझं वाचायचात. पिठल्याचा हात धोतराला पुसून लाल पेन्सिल उचलायचात. पानभर मजकुराचं मी अर्धं पान करायचो, तुम्ही त्याच्या सात ओळी करायचात. "हे वाक्य काय काम करतंय इथे? काही नाही ना? मग काढ." एकदा मी निबंधात लिहिलं की सगळे पोलीस जुलमी असतात. तुम्ही कढईतलं उलथणं हातात घेऊनच वळलात. "सगळे? मोजलेस का तू? वकील व्हायचंय ना तुला? मग जेवढं ठाऊक आहे तेवढंच लिही." मी मान खाली घालून 'सगळे' खोडलं. मग तुम्ही ताटात दोन भाकऱ्या जास्त वाढल्यात.

ते दिवस कसे होते हे तुम्हाला मी काय सांगायचं. भिंतीभिंतीवर 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे', नाक्यानाक्यावर सभा. तुम्हीही शिवाजी पार्कला सभा ऐकायला जायचात, घोषणा मात्र द्यायचा नाहीत. एका हरताळाच्या दिवशी लालबागच्या नाक्यावर गर्दी झाली, दगड आले, लाठ्या आल्या आणि आम्हा दहा-बारा पोरांना गाडीत कोंबलं. चौकीत मी खोटं नाव सांगितलं. तेव्हा सारेच सांगायचे, माझ्या शेजारच्याने तर आपल्या हेडमास्तरांचं नाव लिहून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी सोडून दिलं. सरकारदरबारी माझ्या नावावर काडीचाही डाग नव्हता. तुमच्याकडे आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "काल का आला नाहीस?" ताप होता म्हणालो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तुमच्यासमोर ते जमलं नाही, कोठडीत होतो म्हणून सांगितलं. तुम्ही स्टोव्ह बारीक केलात. "दगड मारलास?" मी म्हणालो, "नाही, मास्तर." तुम्ही स्टोव्ह पुन्हा मोठा केलात आणि म्हणालात, "बरं. बस. काल राहिलेला उतारा घे."

परीक्षेत माझा नंबर वर आला. मुलाखतीला वर्तणुकीचा दाखला लागत होता, तो तुम्ही बंद पाकिटात दिलात. मी तो तसाच नेऊन दिला. टेबलापलीकडे तिघे बसले होते. प्रिन्सिपॉलनी पाकीट फोडलं, वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं. मला तो दाखला आजही पाठ आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे, हे लिहून तुम्ही पुढे लिहिलं होतंत की हा मुलगा चळवळीत पकडला गेला होता व एक रात्र कोठडीत होता. आपण दगड मारला नाही असे त्याने मला सांगितले आहे. तो माझ्याशी कधीही खोटे बोललेला नाही.

मास्तर, कोणी सांगितलं होतं तुम्हाला? पोलिसांना जे ठाऊक नव्हतं ते तुम्ही स्वतःच्या अक्षरात लिहून दिलंत! तीन महिने माझी बिनकामाची वाक्यं खोडणारी तुमची लाल पेन्सिल त्या दिवशी कुठे गेली होती? हुशार, कष्टाळू, सही, संपलं. तुम्हाला हरिश्चंद्र व्हायचं होतं तर स्वतःच्या जिवावर व्हायचं होतंत. माझ्या आईबापांनी पोटाला चिमटा घेऊन इंटरपर्यंत आणलेला मुलगा तुम्ही तुमच्या सचोटीवरून ओवाळून टाकलात.

आणि खरं तर ते तिघे वाईट नव्हते. प्रिन्सिपॉल म्हणाले, चळवळीत होता म्हणून आम्ही कोणाला परत पाठवत नाही. दुसरे म्हातारे गृहस्थ मराठीत म्हणाले, "अरे, तुझ्या मास्तरांनी लिहिलंच आहे. तू फक्त स्वतःच्या तोंडाने सांग, दगड मारलास का?" एक 'नाही' म्हणायचं होतं, आणि मला ते म्हणता आलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी टेबलावरच्या तुमच्या त्या कागदाकडे पाहत गप्प उभा राहिलो. शेवटी प्रिन्सिपॉलनी पाकीट बाजूला सारलं आणि पुढच्या मुलाला बोलावलं. यादीत माझं नाव आलं नाही.

पुढच्या वर्षी अर्ज करता आला असता, पण तुमच्या दारात पाऊल ठेवायचं नाही असं ठरवलं होतं. तुम्हीच आलात. लालबागला, तिसऱ्या मजल्यावर, धापा टाकत. मी तुमचा आवाज ओळखला आणि मोरीत जाऊन कडी लावली. आईने सांगितलं, "तो घरात नाय, मास्तर. बसा, च्या घेवा." तुम्ही बसला नाहीत. नवा फॉर्म आणि एक बंद पाकीट देऊन जिना उतरलात. आई मोरीच्या दारापाशी येऊन म्हणाली, "आज तुझ्यापायी मास्तरांच्या तोंडार खोटा बोललंय. परत माका असा करूक सांगू नको." मी बाहेर आलो आणि पाकीट न उघडताच त्याचे तुकडे केले, फॉर्मचेही. आत काय लिहिलं होतंत ते मला कळलं नाही. त्याच महिन्यात एका वकिलाकडे टायपिंगला लागलो. पुढे कित्येक वकिलांचे दावे मीच लिहून दिले, त्यांनी खाली फक्त सह्या केल्या. तुम्ही गेल्याचं एका वर्गमित्राने सांगितलं तेव्हा हातात काम होतं म्हणालो आणि चंदनवाडीच्या स्मशानात आलो नाही. काम नव्हतं.

आता नात आतल्या खोलीत मोठ्याने उतारा वाचते आहे. तिला काय सांगायचं ते सकाळपर्यंत ठरवायला हवं, आणि हा कागद तर पाठवायला पत्ताच नाही. पण तुमच्यावरच्या रागाचं खरं कारण त्या मुलाखतीतल्या तिघांना सांगितलं नाही, आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्ही कोठडीचं लिहिलंत याचा राग कधीच विरला असता. शेवटचं वाक्य लिहिलंत, मी खोटं बोलत नाही असं जगाला लिहून दिलंत, त्याचा आहे. त्या एका वाक्यामुळे मला तिथे दुसऱ्यांदा खोटं बोलता आलं नाही.

मास्तर, दगड मी मारला होता.