स्कूटरच्या आवाजाचं विलोपन

आदरणीय भावोजींना साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा वाकत नाही, तेव्हा आठांतलं एक अंग तूर्त वजा धरावं.) आपली प्रकृती कशी आहे? ताईची पाठ काय म्हणते? आणि तुमच्या प्रयोगशाळेतले उंदीर सुखरूप आहेत ना? पूर्वी त्यांची चौकशी मी थट्टेने करायचो, आता मनापासून करतो. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. ती मी पाळली असं समजून पुढे वाचावं.

गेल्या भेटीत आमच्या स्वयंपाकघरात बसून तुम्ही जो सल्ला दिलात, त्याचा हा अहवाल. तुम्हाला रोजचे इतके उंदीर, त्यात आमचा मामला विसरला असाल म्हणून थोडं मागचं सांगतो. बाबा गेल्यापासून त्यांची स्कूटर मी चालवतो. तिचा फुटका सायलेन्सर पार कोपऱ्यावरून ऐकू येतो, आणि तो ऐकू आला की आई उठते. चहाचं आधण ठेवते, टॉवेल खांद्यावर टाकते, दार उघडून जिन्याच्या तोंडाशी येऊन उभी राहते. बाबा असताना जे केलं तेच. बाबा नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे. तिचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे, फक्त पाय ऐकत नाहीत. ती स्वतःच म्हणते, "आपोआप उठतात रे, मी काय करू?" मग जिन्याच्या शेवटच्या वळणावर मी दिसतो, तिचा चेहरा उतरतो आणि ती म्हणते, "तू होय." म्हणजे दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांची भिंगं घासायची आणि संध्याकाळी घरी येऊन आईला नव्याने विधवा करायचं, असा माझा दिनक्रम झाला होता. मला ते सोसवेना. स्कूटर विकायचं नाव काढलं तर तिने ताटावरून उठून जावं.

त्यावर तुम्ही वर्तमानपत्राच्या कडेला एक उतरती रेघ काढलीत. घंटेमागून खाऊ येतो म्हणून उंदीर धावतो. घंटा वाजवत राहा, खाऊ देऊ नका, हळूहळू धावणं थांबतं, याला विलोपन म्हणतात, आणि आईंचंही तसंच, असं म्हणालात. ताई फणकारली, "आई म्हणजे काय उंदीर आहे का?" तुम्ही बिस्किट चहात बुडवून शांतपणे म्हणालात की तत्त्व एकच असतं. (बिस्किट तुटून चहात पडलं. तो शकुन मी तेव्हाच ओळखायला हवा होता.) पण गरजवंताला अक्कल नसते. मी मान डोलावली.

दुकानातून रजा काढून मी कामाला लागलो. कोपऱ्यावर यायचं, गाडी भरपूर गुरगुरवायची, आणि घरी न जाता मागच्या गल्लीने पसार व्हायचं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. सगळ्यांत आधी शिकला तो आमचा वॉचमन. पहिल्या फेऱ्यांना धावत येऊन फाटक उघडायचा, मग नुसता मान वर करायचा, आणि शेवटी मी खरोखर घरी आलो तेव्हा त्याने फाटक उघडलंच नाही. मी उतरून भांडलो तर म्हणतो, "साहेब, तुम्ही नक्की येणार आहात की नुसतं वाजवताय?" तळमजल्यावरच्या शिंप्याला वाटलं, गाडी बिघडली आहे पण लाजेकाजेस्तव मी बोलत नाही. त्याने परस्पर आपला मेकॅनिक मेहुणा बोलावला. तो सायलेन्सर बदलायला बसलाच होता. मी हात जोडून म्हणालो, बाकी काहीही काढ, आवाज तेवढा ठेव, आम्हाला तो लागतो. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याच्या धंद्याचा असा अपमान आजवर कुणी केला नसावा. (सायलेन्सर बदलला असता तर सगळा प्रश्नच मिटला असता, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. शिकलेल्या माणसाचा सल्ला डोक्यात शिरला की असं होतं.)

वागणं थांबण्याआधी एकदा उसळी घेतं, हेही तुम्ही सांगितलं होतंत. घेतली. एके दिवशी आई टॉवेल घेऊन जिने उतरून थेट फाटकाशी आली आणि शिंप्याला तिने विचारलं, "आवाज तर आला. दिसले का हो हे?" दिवसभर अखंड बोलणारा हा माणूस, पण त्याने खाली मान घातली आणि तो कापड नसतानाच मशीन चालवत बसला. मी मागच्या गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवर होतो, सगळं पाहत होतो. तेव्हाच गाडी बंद करून तिच्याजवळ जायला हवं होतं. मी अजून एक फेरी मारली.

आणि प्रयोग यशस्वी झाला. एका संध्याकाळी मी जिना चढलो तर दार बंद. किल्लीने उघडलं. आई खुर्चीत बसलेली, गॅस थंड, टॉवेल दोरीवर. चेहरा उतरला नाही. "तू होय" नाही. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. नंतर लक्षात आलं की दाराची बेल वाजली तरी ती उठत नाही. सिलिंडरवाला परत गेला. कुकर शिट्ट्या मारून मारून करपला, आई चार पावलांवर होती. तुमची रेघ खाली उतरताना फार सुबक दिसत होती, पण ती आपल्याबरोबर आणखी काय काय खाली नेते, ते वर्तमानपत्राच्या त्या कडेला मावलं नसावं.

भावोजी, मला ते "तू होय" परत हवं आहे. उतरलेला का होईना, तो चेहरा माझ्याकडे वळत होता. आणि कोपऱ्यापासून शेवटच्या वळणापर्यंत आई रोज सुखी असायची. ते सुख मीच घरी आणत होतो, आणि मी मूर्ख त्याचीच लाज बाळगत होतो.

ताईला नमस्कार. तुमच्याबद्दल लोभ आहे तो आहेच, सल्ले मात्र आवरते घ्यावेत.

आपला मेहुणा

ता. क. तुम्ही पाठवलेल्या पुस्तकात लिहिलं आहे की विझलेली सवय मध्ये विश्रांती मिळाली तर कधी कधी आपोआप परत येते. म्हणून स्कूटर शिंप्याकडे ठेवली आणि मी पायी जाऊ-येऊ लागलो. मध्ये एकदा वाजवून पाहिली. आईने खिडकीकडेही पाहिलं नाही. तुमच्या उंदरांना किती विश्रांती लागते?

ता. क. आमचा फोन बिघडला आहे असं ताईला कळवलं होतं, ते खोटं आहे. फोन उत्तम वाजतो. आई त्याच्या शेजारीच बसलेली असते.

ता. क. तुम्ही कामात असाल तर येऊ नका, पण ताईला लगेच पाठवा. हल्ली मी आईला जवळ जाऊन, खांद्याला हात लावून "चल, जेवायचं" म्हणतो, पण लांबून "आई" अशी हाक मारत नाही. ती एकच हाक मी अजून वाजवून पाहिलेली नाही. त्या हाकेलाही आई उठली नाही तर काय करायचं, हे मला कळत नाही. ताईने येऊन जिन्यातून ती हाक मारावी. माझा धीर होत नाही.