दुसरी मतपत्रिका

बाई, तुम्ही आम्हाला आठवीत नागरिकशास्त्र शिकवायचात आणि आमच्यापैकी एकानेही ते कधी मनावर घेतलं नाही. इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखा जोडलेला वीस मार्कांचा विषय, परीक्षेच्या आदल्या दिवशी उरकायचा. तुम्ही मात्र एकदा वहीच्या पानांच्या चिठ्ठ्या करून मॉनिटरची निवडणूक घेतलीत. तिघं उभे होते. जिंकलेल्या मुलाला एकोणीस मतं पडली. तुम्ही फळ्याकडे बघत विचारलंत, "मग बाकीच्या बत्तीस जणांचं काय?" मी हात वर केला. तुमचा चेहरा खुलला. मी विचारलं, "बाई, हे परीक्षेत येणार आहे का?" वर्ग हसला. तुम्ही खडू खाली ठेवलात आणि म्हणालात, "पाठांतर चोख आहे गं तुझं, पण तुला कशाचं कुतूहलच नाही." मला फार राग आला होता, कारण पहिला नंबर माझाच यायचा. तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. भेटायला यायचं राहूनच गेलं.

आता मी कॅनडात, मिसिसागात असते. इथली नागरिक झाले आणि पुढच्याच प्रांतिक निवडणुकीत हौसेने मतदान केंद्रावर कामाला नाव दिलं. शाळेच्या जिममध्ये टेबलं, पुठ्ठ्याचे आडोसे, आखूड पेन्सिली. त्या दिवशी प्रत्येकाला दोन मतपत्रिका द्यायच्या होत्या. एक नेहमीची, उमेदवार निवडायची. दुसरीवर एक प्रश्न होता : आमदार निवडायची पद्धत बदलायची, की आहे तीच ठेवायची? "व्हॉट्स दिस वन फॉर?" सकाळपासून लोक विचारत होते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये बजावलं होतं, घडी कशी घालायची ते सांगा, प्रश्नाबद्दल चकार शब्द काढू नका.

दुपारी आमच्याच कॉम्प्लेक्समधले काका आले. मूळचे नागपूरचे, मुलाकडे राहायला आलेले, नुकतेच नागरिक झालेले. इथलं पहिलं मत म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला बघून त्यांचा जीव भांड्यात पडला.

"पोरी, हा दुसरा कागद कशाचा गं?"

"काका, त्याबद्दल मला बोलायला अलाउड नाहीये."

"मत कोणाला देऊ ते नको सांगू. हे आहे काय, एवढं तर सांगशील?"

"सॉरी काका, रूल म्हणजे रूल."

आडोशामागे ते बराच वेळ उभे राहिले. मग एक मतपत्रिका पेटीत टाकली आणि दुसरी कोरीच माझ्यापुढे ठेवली. "न समजता खूण करणं आपल्याला जमत नाही," म्हणाले आणि टोपी घालून निघून गेले.

प्रस्ताव पडला. दिवाळीच्या कार्यक्रमात काकांनी चारचौघांत माझी तारीफ केली. "हिला सगळं ठाऊक होतं, पण ओळखीच्या माणसालाही सांगितलं नाही. याला म्हणतात सचोटी!" टाळ्या पडल्या. मी चिवड्याची प्लेट धरून हसत राहिले. बाई, मला काहीच ठाऊक नव्हतं. माहितीची पुस्तिका घरी आली होती. ग्रोसरीच्या फ्लायर्सबरोबर मी ती न उघडताच रिसायकलिंगच्या डब्यात टाकली होती. नियम नसता तर मी त्यांना काय सांगणार होते, कपाळ?

तेव्हापासून वाचते आहे. ती नवी पद्धत अशी : एक मत माणसाला, एक पक्षाला, आणि पक्षाच्या मतांच्या प्रमाणात त्याच्या यादीतून जादा जागा भरून द्यायच्या. किचनमध्ये राजमा आणि चणे मांडून हिशोब करून बघितला. लेक म्हणाली, "मॉम, आर यू ओके?" पण यादीतली ती जादाची माणसं कोण ठरवणार? ज्याला कुठल्याच गावाने निवडलं नाही, त्याच्याकडे गाऱ्हाणं घेऊन कोण जाणार? आपल्या वर्गात हे केलं असतं, तर अर्धा मॉनिटर कोणाला केलं असतं? तुमच्याकडे त्या बत्तीस जणांचं उत्तर होतं का, हेही मला तेव्हा विचारावंसं वाटलं नाही. आता वाटतं, नसावं. तुम्ही खरोखरच आम्हाला विचारत होतात.

हे सगळं काकांना सांगायला हवं. ते पलीकडच्या बिल्डिंगमध्येच राहतात, पाच मिनिटांच्या अंतरावर. दोनदा फोन उचलला आणि ठेवला. मग तुम्हाला लिहायला बसले, कारण तुम्ही उलटून काही विचारणार नाही.