तळ्याकडच्या पाच पायऱ्या आणि माझं बाकीचं

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा गवंडीकाम, शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर आहे. कोणी मानगुटीवर बसून लिहून घेत नाहीये. आधी कुठं काही लिहिलं असेल तर ते फाडा, हेच खरं.

१. घर बायकोचं, ती आहे तोवर. मग मुलाचं. ती असताना मुलानं विकायचं नाव काढलं तर त्याला दारात उभं करू नये.

२. बँकेतलं जे आहे ते तिच्या औषधाला आणि तिला व्यायाम देणाऱ्या बाईला. बाई वेळेवर येते, कमी बोलते. तिला कमी करू नये.

३. आता पायऱ्या. डॉक्टर म्हणाले, अर्ध्या गावाला साखर आहे, चालायला लावा. म्हणून समितीनं तळ्याभोवती वाट काढली. काम माझं. वाटेचं तोंड माझ्या घराशेजारी. अध्यक्ष म्हणाले, "तोंडाशी पायऱ्या हव्यात, फोटोत उठून दिसतं." कोणीतरी उताराचं काढलं. तेव्हा मीच म्हणालो, "उतार कशाला? हातगाडी न्यायचीय का?" सगळे हसले. पाच पायऱ्या बांधल्या, घडीव दगडात. वर्षाच्या आत बायकोची डावी बाजू गेली. चाकाच्या खुर्चीवरून ती वाट तिनं एकदाही पाहिली नाही.

पाच पायऱ्या म्हणजे अडीच फूट. खुर्चीला तीस फूट उतार लागतो. तेवढी जागा तिथं नाही, माझ्या अंगणात आहे. द्यायला तयार आहे म्हणून चार अर्ज केले. अध्यक्ष म्हणाले, "काका, खुर्चीवाले येतात किती?"

"येतील कसे? उडत?"

"मग मागणीच नाही ना."

गेल्या वर्षी मी घण घेऊन खालची पायरी फोडली. सकाळी चालणाऱ्यांनीच पोलीस बोलावले. माफी लिहून दिली. पायरी परत बसवली ती माझ्याच हाताखाली शिकलेल्या गवंड्यानं.

४. माझी सगळी हत्यारं, थापी, ओळंबा, लेव्हलची नळी, त्याच गवंड्याला. त्याच्याशी मी बोलत नाही. पण काम चांगलं केलंय. सांधा दिसत नाही, मेल्याचा.

५. अंगणाचा भिंतीलगतचा पट्टा, तीस फूट बाय पाच, उतारासाठी गावाला. मुलगा म्हणतो, "बाबा, मग गाडी कुठं लावू?" मी म्हटलं, "डोक्यावर." माझ्यामागे दोन वर्षांत उतार झाला नाही तर पट्टा मुलाचा. होणार नाही. तो आतापासूनच गाडीवरच्या पत्र्याचं माप घेतोय. तरी लिहितो, म्हणजे मी विचारलंच नाही असं कोणी म्हणायला नको.

६. वाटेवर माझ्या नावाची पाटी नको. हौस असेल तर पायऱ्यांवर लावा, यानं बांधल्या म्हणून.

७. मेल्यावर भाषणं नकोत. अध्यक्षांनी तर तोंड उघडूच नये.

हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझ्यासाठी आता कोणाच्या पाया पडू नका. खिडकीतून वाट दिसते मला, पुरे." खोटं बोलते. खिडकीतून नुसती भिंत दिसते.

हे नोंदवायला कचेरीत गेलो होतो. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. माझा एक साक्षीदार, दवाखान्यातला जुना कंपाउंडर, कुबड्यांवर असतो. कारकून वरून ओरडला, "या वर." कंपाउंडर म्हणाला, "तुम्हीच या की खाली." कारकून आला नाही. तासभर थांबून परत आलो. म्हणून कागद बिननोंदीचा आहे. वकील म्हणतो चालतो. मुलाला पटलं तर चालेल.

सही: (गवंडी, स्वहस्ते)

साक्षीदार एक: कंपाउंडर. माझ्यासमोर सही झाली.
साक्षीदार दोन: समोरचे पोस्टमन, निवृत्त. माझ्याही.

ठिकाण: राहतं घर, कारण इथं जिना नाही.
तारीख: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार