भवानीची वेळ

आई, आज सकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवालीच्या सुनेने मला हाक मारली, "दीदी, बोहनी करा दो," आणि मी सवयीने म्हणाले, "भवानी." ती हसली. तिच्या ठेल्यावर आता स्कॅन करायचा कागद चिकटवलाय, पण दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाकडून ती अजून नोटच घेते, तराजूला लावते, मग कपाळाला.

तुझं आणि तिच्या सासूचं या शब्दावरून किती वर्षं चाललं होतं! बाबांच्या बँकेने आपल्याला सोलापुराहून उचलून जयपूरला आणून टाकलं, शास्त्री नगरात घर मिळालं, आणि पहिल्याच आठवड्यात तू तिला विचारलंस, "भवानी हुआ क्या?" "बोहनी, माताजी, बोहनी," ती म्हणाली. "तेच ते," तू म्हणालीस. दोघींनीही शेवटपर्यंत हट्ट सोडला नाही. तुझं म्हणणं, दिवसाची पहिली विक्री म्हणजे तुळजापूरची आई स्वतः दुकानात येते, म्हणून त्या वेळी भाव करायचा नाही. साडेसातला मुकाट्याने मेथी घेणारी तू दहाला परत जाऊन मूठभर कोथिंबिरीसाठी तिच्याशी हुज्जत घालायचीस, ते वेगळं. तिला तुझा हात लाभायचा. तू येईपर्यंत ती दुसऱ्या कुणाला एक वांगंसुद्धा तोलून द्यायची नाही.

बाबा गेले आणि तू अकराला जायला लागलीस. जयपूरच्या उन्हाळ्यात अकराला काय मिळणार? सुकलेला पालक, जून भेंडी. मला वाटलं, सकाळी उठवत नसेल तुला. मग एक दिवस स्वयंपाकघरात तीच भेंडी चिरताना, मीठ संपलंय सांगावं तशा आवाजात तू म्हणालीस, "देवीचं नाव आहे ते. पांढऱ्या कपाळाच्या बाईने कुणाची भवानी करू नये."

माझं डोकंच फिरलं. मी कॉलेजात भाषा शिकवणार आणि घरात हे ऐकणार! "देवीबिवी काही नाही त्यात," मी म्हणाले. "परवाच कॉलेजच्या लायब्ररीत शब्दकोशात पाहिलंय मी. मूळ शब्द बोहनीच. आपल्या लोकांनी त्याची भवानी केली. देवीशी त्याचा संबंध नाही, आणि कपाळाशी तर नाहीच नाही."

तुझी सुरी थांबली. "पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग ठीक," म्हणालीस आणि भेंडी फोडणीला टाकलीस.

दुसऱ्या दिवशी साडेसातला तू पिशवी घेऊन निघालीस. परत आलीस ती हसतच. भाजीवाली तुझ्यावर रागावली होती म्हणे. "इतने दिन कहाँ थे? मैं भी तो विधवा हूँ माताजी, रोज अपने हाथ से ठेला लगाती हूँ." त्यानंतर शेवटच्या आजारपणापर्यंत तू एक सकाळ चुकवली नाहीस.

तू गेल्यावर मी खरंच शब्दकोश काढून बसले. हिंदीतला म्हणतो, मूळ बोधन, म्हणजे जागं करणं. मला मिळालेला मराठी कोश तुझी भवानी देतो, पहिली विक्री असा अर्थही देतो, आणि मुळाबद्दल गप्प बसतो. म्हणजे मी तुला ठोकून दिलं होतं ते निम्मं तरी खरं निघालं. पण मला शब्दाबद्दल काही सांगायचंच नव्हतं गं. आई, तुझ्या हाताला काही झालेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून कोशावर ढकललं.

हा कागद मी मिसळणाच्या डब्याखाली ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवू? एक मात्र कबूल करते. मी लायब्ररीचं सांगितलं तेव्हा कॉलेजला उन्हाळ्याची सुट्टी होती. बाबा गेल्यापासून मी घराचा उंबरा ओलांडला नव्हता, रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्यासमोर बसूनच चहा घेत होते. तरी तू "मग ठीक" म्हणालीस.