एक्केचाळीस नंबरचा फॉर्म

५ फेब्रुवारी

फॉर्म छापून आले. दोनशे. चोवीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन — 'अजिबात पटत नाही'पासून 'पूर्ण पटतं'पर्यंत. पेशंटशी लैंगिक आरोग्याबद्दल बोलायचं म्हटलं की डॉक्टर, नर्स, फिजिओ यांना कसं वाटतं, ते मोजायचं. वाटायचे मी, गोळा करायचे मी, आकडे कॉम्प्युटरवर चढवायचे मी. मत द्यायचं नाही, हसायचं नाही, भुवई उचलायची नाही — आमच्या प्रमुख बाईंनी तीनदा बजावलं.

किती वेळ लागतो ते बघायला बाईंनी एक मलाच भरायला लावला. सात मिनिटं. विधान नऊ : 'मी हा विषय काढला तर समोरच्या माणसाला अपमान वाटेल, अशी मला भीती वाटते.' 'पूर्ण पटतं'वर खूण करून मोकळी झाले. मी तर डॉक्टरही नाही! बाईंनी तो फाडून टोपलीत टाकला.

हे आज पुन्हा जिन्यानं आले. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट चांगली धडधाकट. बायपास होऊन पाच महिने झाले, पण हट्ट जात नाही. मी पिशव्या घेऊन लिफ्टनं वर आले, दार उघडून उभी राहिले. पहिल्या मजल्यावर पावलं थांबली. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा सुरू. आत आल्यावर मी बोलायचं ते बोललेच. ह्यांनी फक्त पाणी मागितलं.

७ फेब्रुवारी

कान-नाक-घशाचे डॉक्टर — "आमचं काम मानेच्या वर हो!" फॉर्म कोरा परत.

बायकांच्या वॉर्डातली सिस्टर — "मला काही वाटत नाही, पेशंटलाच लाज वाटते." पेशंटला विचारलं होतं का कधी, हे विचारायचं माझं काम नाही. नाही विचारलं.

म्हाताऱ्यांच्या ओपीडीत तरुण डॉक्टर — "सत्तरीच्या माणसाला काय डोंबल विचारायचं त्यात?" बाकावर नंबर लावून बसलेले आजोबा मान न वळवता म्हणाले, "विचारून तर बघा!" माझी भुवई गेली वर. एकदाच.

१० फेब्रुवारी

बावीस फॉर्म. चार जणांनी सगळीकडे मधल्याच चौकोनात खूण केली आहे. वरपासून खालपर्यंत सरळ रांग. वाचलंसुद्धा नसणार.

१३ फेब्रुवारी

वन्संचा फोन. ह्यांची थोरली बहीण. ऑपरेशननंतर महिनाभर इथे होत्या. "झोपेत तुझा हात पडेल गं त्याच्या छातीवर, टाक्यांना लागेल. तू आपली मुलीच्या खोलीत झोप" — हा त्यांचाच सल्ला. मुलगी सासरी गेल्यापासून खोली रिकामीच होती. मी उशी उचलली आणि गेले. टाके केव्हाच सुकले. मी अजून तिथेच आहे.

आज विचारत होत्या, "आता सगळं पहिल्यासारखं ना?" म्हटलं, हो, पहिल्यासारखं.

खरं म्हणजे भीती वाटते. त्या हृदयाला काही झालं तर? माझ्यामुळे? हे कुणाला विचारायचं ते कळत नाही. ह्यांना तर मुळीच नाही — त्यांना वाटेल, हिला या वयात काय सुचतंय! तेही काही बोलत नाहीत. म्हणजे त्यांच्या मनात नसेलच. असं मी धरून चालले आहे.

१५ फेब्रुवारी

एक्केचाळीस नंबरचा फॉर्म. हिरवी शाई!

फॉर्मवर नाव घालायचं नसतं, बंद खोक्यात टाकायचा असतो, आणि कुणाचा ते आपण ओळखायचं नसतं. पण अख्ख्या हॉस्पिटलात हिरव्या शाईनं लिहिणारा माणूस एकच — हृदयाचे डॉक्टर. ह्यांचं ऑपरेशन त्यांनीच केलं. ओळखलं.

एकशे वीसपैकी एकशे सोळा. सर्वांत वर! मुद्दाम उलट्या अर्थाची घातलेली विधानं असतात, त्यांनाही फसलेले नाहीत. विधान सोळा, 'घरी सोडताना मी पेशंटशी या विषयावर स्वतःहून बोलतो' — 'पूर्ण पटतं'.

अस्सं? मग आम्हाला घरी सोडताना काय झालं होतं? मीठ कमी, वजन उचलू नका, गोळ्या वेळेवर. बस्स. मी शेजारीच होते. औषधांच्या खिडकीपाशी रांगेत उभी होते तेवढी दहा मिनिटं सोडली तर.

राग आला. राग येणंही माझ्या कामात बसत नाही.

१९ फेब्रुवारी

ह्यांची तपासणी. मीही आत गेले. ठरवलं होतं — आज ते बोलतात का पाहायचं. नाही बोलले तर मीच विचारायचं.

छाती तपासली, कार्डिओग्राम पाहिला. मग डॉक्टरांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, "जिने कसे चाललेत?"

"पहिला मजला सहज होतो आता. दुसऱ्याच्या अर्ध्यात थांबावं लागतं."

"धाप?"

"थोडी."

"घाई नाही. होईल."

पाच मिनिटं नुसतं जिन्यावर बोलले दोघं! पायऱ्या किती, उंच आहेत का, कठडा धरता का. जणू जिना बांधायचाय. शेवटी डॉक्टर — "आणखी काही विचारायचंय?" हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही, ठीक आहे सगळं." माझं तोंड उघडलं आणि बाहेर आलं काय, तर — "ह्यांना लिफ्ट वापरायला सांगा ना!"

डॉक्टर हसले. "चढू द्या हो त्यांना."

चोवीस विधानं तोंडपाठ. एक वाक्य बोलता आलं नाही.

२० फेब्रुवारी

एक्केचाळीसवर पेन्सिलीनं लिहिलं : 'शंकास्पद, वगळावा.'

असं करायचं नसतं. केलं.

२४ फेब्रुवारी

एकशे तेहतीस फॉर्म झाले. बाईंनी चाळून पाहिले. "एक्केचाळीस का वगळायचा?" म्हटलं, अतीच चांगला आहे, खरा वाटत नाही. "अहो, चांगलं असणं ही काही चूक नाही. पुरावा असेल तर दाखवा." शुक्रवारपर्यंत सांगते म्हटलं. पुरावा काय दाखवणार? माझं घर?

संध्याकाळी हे आले तेव्हा पावलं मध्ये थांबलीच नाहीत असं वाटलं. भाजी चिरत होते, नीट लक्ष नव्हतं. हे दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. म्हटलं, काय हवंय? "काही नाही."

२६ फेब्रुवारी

ह्यांचा रक्ताचा रिपोर्ट शोधायला हॉस्पिटलची फाइल काढली. मागच्या कप्प्यात एक घडीपत्रक. वर तारीख घरी सोडलं त्या दिवशीची. 'शस्त्रक्रियेनंतर पती-पत्नी संबंध'. खाली हिरव्या शाईत : 'न थांबता, धाप न लागता दोन मजले चढता आले की निर्धास्त राहा. पत्नीलाही सांगा.'

पाठीमागे ह्यांचं बारीक अक्षर. तारखा, आणि पुढे पायऱ्या. ९. १२. १२. १८. पाच महिन्यांच्या. फेब्रुवारीत २१, २७, ३०. शेवटची ओळ चोवीस तारखेची — ३६. त्याखाली दोन रेघा.

आणि मी विचारलं होतं, काय हवंय!

एक्केचाळीसवरची पेन्सिल खोडली. मुलीच्या खोलीतली उशी उचलून आमच्या खोलीत नेली. हे पेपर वाचत होते. पेपर खाली झाला.

मग विषय मीच काढला.