सातवीच्या वहीतलं फाटक

प्रिय ताई,

पत्र पाहून म्हणशील, हिचा फोन मोडला की काय. मोडला नाही. पण घरी बोलले तर पलीकडच्या खोलीत बाबांना ऐकू जाईल, म्हणून शाळेत वह्यांच्या गठ्ठ्याआड बसून लिहितेय. अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे.

सातवीला मी दरवर्षी एक गृहपाठ देते. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून गावातली एक जुनी घटना लिहून आणा. पोरं बहुधा पूर आणतात, नाहीतर कुणाचं तरी पळून जाऊन केलेलं लग्न. यंदा पुढच्या बाकावरच्या चष्मेवालीनं कारखान्याची आग आणली. तिचे आजोबा म्हणजे बाबांच्या जोडीचे दुसरे पहारेकरी, फाटकाला कुलूप ठेवलं म्हणून सहा वर्षं तुरुंगात गेलेले. मला काय माहीत ती त्यांची नात आहे. तिनं लिहिलंय, चावी आजोबांकडे नव्हतीच, सोबती ती खिशात घालून घरी जेवायला गेला होता आणि आत नऊ बायका जळाल्या.

दोनदा वाचलं. मी लाल शाईनं शेरा मारला, ‘एकाच माणसाचं सांगणं. दुसरा पुरावा हवा.’ वर्षभर हेच शिकवते ना, वाटलं सुटले. कसली सुटतेय. पोरगी महाहट्टी, वाचनालयात बसून जुन्या वर्तमानपत्रातली बातमी उतरवून आणली. पहिला पहारेकरी तापानं घरी निजून होता, असं त्याच्या पाच वर्षांच्या मुलीनं सांगितलं, म्हणून तो सुटला. खाली हिनं गणित मांडलंय, ती मुलगी आज चव्वेचाळीस वर्षांची असेल. काल मधल्या सुट्टीत मलाच विचारत होती, आजोबा सोबत्याचं नाव सांगत नाहीत, बातमीतही ते नाही, मग अशा बाईला शोधायचं कसं. घंटा झाली म्हणून वाचले.

‘बाबा तापानं निजलेत’ हे वाक्य आईनं माझ्याकडून घोकून घेतलं होतं. तुलाही तेच म्हणायला सांगितलं तेव्हा तू गप्प राहिलीस आणि तुला मामाकडे धाडलं. मला वेडीला वाटलं, तुझे लाड चाललेत. बाबा भरलं ताट सारून अनवाणी पळाले होते, चावी मुठीत घेऊन. ते मला अजून दिसतं. तुलाही दिसत असणार.

सोमवारी मी तिला सांगणार आहे, ती बाई मीच. नोकरीचं काय होईल, लोक काय म्हणतील, तिच्या आजोबांना तोंड कसं दाखवू, सगळ्याचीच भीती वाटते. पण त्याआधी रविवारी बाबांना सांगायला हवं. एक्याऐंशीवं लागलंय त्यांना, मी शाळेतून येईपर्यंत दारात उभे असतात गं. एकटीनं त्यांच्यासमोर बसायची माझी छाती होत नाही. शनिवारच्या गाडीनं ये. काही बोलू नकोस, नुसती माझ्या शेजारी बस.

तुझीच,
धाकटी